जबड्यातली राणी

दातवाल्यांच्या घरातल्या फ्रिजवर बायकोची सत्ता होती आणि त्यातला फक्त खालचा कप्पा तिने नवऱ्याला वापरायला दिला होता. दातवाले कवळ्या बनवायचे. त्यांना रीतसर नाव होतं, पण गल्लीत ते कुणालाच आठवत नसे. कवळीचे दात आधी मेणात रचतात. उन्हाळ्यात ते मेण मऊ पडतं आणि रचलेले दात जागचे हलतात, म्हणून तयार काम डब्यात घालून खालच्या कप्प्यात ठेवायचं आणि बायकोने तो डबा न उघडता उचलून स्कूटरवरून क्लिनिकला पोचवायचा, अशी त्या घरची रीत होती. न उघडता, हेही तिनेच ठरवलं होतं. एकदा चुकून उघडलेल्या डब्यातून कुणाचे तरी दात तिच्याकडे बघून हसले होते आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नव्हतं.

त्या सकाळी खालच्या कप्प्यात कवळी नव्हती. मुंग्या होत्या.

मुंग्या पाळायचा नाद दातवाल्यांना लिफ्टवाल्याने लावला. लिफ्टवाला हा त्यांचा शाळेपासूनचा मित्र. दिवसभर उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा आणि घरी आला की काचेच्या नळ्यांत मुंग्या वाढवायचा. दातवाल्यांना भिंतीवर पंख झडलेली एक राणी सापडली तेव्हा ते हरखून गेले. ओला कापूस लावलेल्या नळीत तिला अंधारात ठेवलं, आज अंडी घालेल, उद्या घालेल म्हणून वाट पाहिली, पण बाईसाहेबांनी काही मनावर घेतलं नाही. शेवटी लिफ्टवाल्याने येऊन भिंगातून पाहिलं.

"ही नाही घालायची," तो म्हणाला. "ही आयत्या बिळावर नागोबा आहे."

"म्हणजे?"

"हिला स्वतःचा संसार उभा करता येत नाही. ही दुसऱ्या जातीच्या वारुळात गुपचूप शिरते, तिथल्या राणीला मारते आणि तिच्या जागेवर बसते. तिथल्या कामकरी मुंग्या मग हिचीच पोरं वाढवतात. जुन्या मरत जातात, हिच्या वाढत जातात. शेवटी सगळं वारूळ हिचं."

"आणि त्यांना कळत नाही?"

"त्यांचं सगळं वासावर चालतं रे. वास आपला, तर माणूस आपलं. तुला हिला जगवायची असेल तर तूच हिला घर दे आणि कामाला माणसंही दे. नाहीतर मरेल बिचारी उपाशी."

परक्याच्या घरात शिरून खून करणाऱ्या बाईला बिचारी म्हणावं का, हा प्रश्न दातवाल्यांना पडला, पण तोवर त्यांचा जीव तिच्यात गुंतला होता. माणसाला नाद लागला की त्याला न्याय-अन्याय दिसत नाही.

लिफ्टवाल्याने सगळं समजावून सांगितलं. मागच्या अंगणातल्या कुंडीखाली काळ्या मुंग्या होत्या, त्यातल्या थोड्या त्यांच्या कोषांसकट उचलायच्या. राणीबरोबर एका बंद घरट्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायच्या. गारठल्या की त्या सुस्त पडतात, राग विसरतात, आणि जाग्या होईपर्यंत राणीला त्यांचा वास लागलेला असतो. त्यानंतरचा तासभर महत्त्वाचा. त्या तिला चाटायला लागल्या तर जिंकलं. पाय धरून ओढायला लागल्या तर सगळ्या मिळून तिचे तुकडे करणार. त्या वेळात घरट्याला हादरा बसता कामा नये, आणि माणसाचा श्वास तर अजिबात लागता कामा नये. श्वासाने त्या चवताळतात.

घरटं दातवाल्यांनी आपल्या हाताने केलं, आणि इथेच पुढच्या सगळ्या अनर्थाचं मूळ होतं. प्लास्टर त्यांच्याकडे होतंच. शिवाय एक जबड्याचा साचा बिनकामाचा पडला होता. त्यांनी हिरडीच्या कडेकडेने कोरून खोल्या काढल्या, टाळूच्या जागी ऐसपैस दिवाणखाना केला, वरून पारदर्शक तबकडी बसवली आणि वाऱ्यासाठी ठेवलेल्या भोकात कापूस कोंबला. काम इतकं सुबक झालं की ते स्वतःच बराच वेळ बघत बसले. साचा न्यायाधीशबाईंच्या वरच्या जबड्याचा होता. बुडाला पेन्सिलीने त्यांचं नाव होतं. डबाही त्यांच्याच नावाचा होता.

न्यायाधीशबाई निवृत्त झाल्या होत्या, पण निकाल द्यायची सवय काही निवृत्त झाली नव्हती. दोन कवळ्या त्यांनी फेटाळल्या होत्या. पहिली टोचते म्हणून. दुसरी तोंडात घालून त्यांनी दोन वाक्यं बोलून पाहिली, 'स' म्हणताना शिट्टी वाजते असं जाहीर केलं आणि "ही माझी नव्हेच" म्हणून ताटलीत काढून ठेवली. क्लिनिकच्या डॉक्टरीणबाई परोपरीने सांगत होत्या की नवी वस्तू आहे, तोंडाला सवय व्हायला वेळ द्या, तासभर गप्प बसून तर बघा. पण जन्मभर इतरांना गप्प बसवलेल्या बाईला ते कसं जमावं?

त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी दातवाल्यांना बोलावून सरळ सांगितलं होतं. "हे बघा, तिसरी कवळी परत आली तर माझं सगळं काम मी मोठ्या लॅबकडे देणार. त्यांच्याकडे मशीन आहे. मला रोज त्या बाईंचं भाषण ऐकायला वेळ नाही."

डॉक्टरीणबाईंचं काम म्हणजे दातवाल्यांचं जवळजवळ सगळंच काम. घर त्याच्यावर चालत होतं. बायकोला हे कळलं तेव्हा तिने आधी कॅलेंडरवर भाड्याची तारीख पाहिली. मग म्हणाली, "ती कवळी परत आली तर आपण तुमच्या मुंग्यांबरोबर वारुळात राहायला जाऊ. तिथे भाडं नसेल बहुतेक."

म्हणून तिसऱ्या कवळीवर दातवाल्यांनी जीव ओतला होता. दुसरी आणि तिसरी, दोन्ही कवळ्या पाण्याच्या दोन सारख्या वाडग्यांत शेजारी ठेवून ते आदल्या दिवशी त्यांच्यातला फरक बघत बसले होते. तिसरीचे दात बाईंच्या सांगण्यावरून किंचित पिवळसर घेतले होते. बाकी फरक त्यांनाही शोधावा लागला.

आता त्या सकाळी मुंग्यांचा डबा फ्रिजमध्ये ठेवून दातवाले मागच्या अंगणात फोनवर बोलत होते. "दहाच मिनिटं ठेव, जास्त नको," एवढंच लिफ्टवाल्याला सांगायचं होतं, पण तो एका लिफ्टच्या छपरावर बसून बोलत होता आणि त्याला आत अडकलेल्या माणसाची गोष्टही सांगायची होती. घरातून बायकोचा आवाज आला, "अहो, मी निघाले." दातवाले "हं" म्हणाले. आतला माणूस लिफ्टमधून एकदाचा सुटला आणि दातवाले फ्रिजपाशी आले.

खालचा कप्पा रिकामा होता.

त्यांनी वरचा कप्पा पाहिला. मधला पाहिला. मग खालचा पुन्हा उघडून पाहिला, जणू मधल्या काळात डबा परत आला असेल. बायकोला फोन लावला. स्कूटर चालवताना फोन उचलायचा नाही हा नियमही तिचाच. क्लिनिकचा फोन कुणीतरी अडवून ठेवला होता. दातवाल्यांच्या डोळ्यांपुढे डॉक्टरीणबाई डबा उघडताना दिसल्या. त्यांनी घाईघाईने वाडग्यातली कवळी उचलून एका छोट्या डब्यात घातली, डबा खिशात कोंबला आणि कोपऱ्यातली जुनी सायकल बाहेर ओढली.

सायकलच्या मागच्या चाकात हवा कमी होती. पायडल मारता मारता त्यांनी लिफ्टवाल्याला पुन्हा फोन लावला.

"गेल्या," दातवाले धापा टाकत म्हणाले.

"कोण गेलं? कधी?"

"मुंग्या. क्लिनिकला गेल्या. स्कूटरवरून."

"उन्हातून?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"उन्हातूनच."

"मग एव्हाना जाग्या होत असतील. घाबरू नकोस. पण हादरे बसले असतील तर कठीण आहे."

"घाबरू नकोस म्हणतोस आणि कठीण आहेही म्हणतोस."

"दोन्ही खरं आहे," लिफ्टवाला म्हणाला आणि त्याची लिफ्ट कुठल्याशा तळघरात उतरली असावी, कारण फोन कटला.

चौकात समोरून बायको परत येताना दिसली. तिने स्कूटर कडेला घेतली. "कुठे निघालात? आणि सायकल कशाला काढलीत?"

"डबा कुठाय?"

"दिला क्लिनिकातल्या मावशींच्या हातात. का?"

"उघडला नाहीस ना?"

"मी कशाला उघडू? कवळी बघायची हौस आहे का मला?"

"त्यात कवळी नाही."

"मग काय आहे?"

"घरी आल्यावर सांगतो."

"तुम्ही 'घरी आल्यावर सांगतो' म्हणालात की मला धडकी भरते," बायको म्हणाली, पण तोवर दातवाले सिग्नल ओलांडून पलीकडे गेले होते.

क्लिनिकच्या मागच्या खोलीत मावशी हातमोजे घालून उभ्या होत्या. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू आधी औषधाच्या पाण्यात बुडवून काढायची, हे त्यांचं काम होतं आणि त्या ते चोख करत. डब्याचं झाकण काढलेलं होतं. प्लास्टरचा जबडा मावशींच्या हातात होता आणि खाली निळ्या पाण्याचं घमेलं होतं.

"थांबा, मावशी," दातवाले दारातूनच म्हणाले.

मावशी थांबल्या. चष्मा कपाळावर होता, तो त्यांनी खाली घेतला नाही. "या वेळी वर काच कसली बसवलीय?"

"नवी पद्धत आहे. हे पाण्यात घालायचं नाही."

"आणि आत काळं काळं काय आहे?"

"ती… हिरडी."

"हिरडी हलते?" मावशींनी विचारलं.

दातवाल्यांनी जबडा अलगद त्यांच्या हातातून काढून घेतला आणि डब्यात ठेवला. दिवाणखान्याच्या मधोमध राणी निपचित पडली होती आणि तिच्या आजूबाजूला दोन-तीन काळ्या मुंग्या पाय झाडत उठायच्या बेतात होत्या. म्हणजे अजून वेळ गेली नव्हती. हा डबा पोटाशी धरून मागच्या दाराने बाहेर पडायचं, खिशातला डबा मावशींना द्यायचा, की काम फत्ते. त्यांनी झाकण लावून एक पाऊल टाकलंही.

"अरे वा, तुम्ही स्वतः आलात?" डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. "बरं झालं. त्या कधीच्या बसल्यात खुर्चीत. द्या इकडे." आणि त्यांनी डबा हातातून घेतलासुद्धा.

न्यायाधीशबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. गळ्यात कागदी रुमाल, डोक्यावर दिवा, पुढे हत्यारांचं तबक. खुर्चीत पेशंट म्हणून बसलेलं माणूस सहसा थोडं दबून असतं. बाईंकडे बघून खुर्चीच दबल्यासारखी वाटत होती. "ही तिसरी," त्या म्हणाल्या. "आणि शेवटची, हे मी आधीच सांगून ठेवते."

"हो, हो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी डबा टेबलावर ठेवून उघडला.

तबकाशेजारच्या हवेच्या पंपाची तेवढी घरघर चालली होती. डॉक्टरीणबाईंचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल झाला. दातवाल्यांनी खिशातला छोटा डबा काढून पुढे केला. "मॅडम, कवळी यात आहे. तो डबा चुकून आलाय. मी घेऊन जातो."

"थांबा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "कुणी काही हलवू नका."

कुणी काही हलवलं नाही.

"त्या डब्यावर माझं नाव दिसतंय मला. म्हणजे तो माझा जबडा आहे. आणि माझ्या जबड्यात मुंग्या फिरतायत. याचा खुलासा कोण करणार?"

"बाई, मी तुमची माफी मागते, मी आत्ताच्या आत्ता…"

"डॉक्टर, तुम्हाला नाही विचारलं मी. ते बोलतील."

दातवाले बोलले. दुसरा उपायच नव्हता. खोटं रचायला डोकं थंड लागतं आणि त्यांच्या कपाळावरून घाम वाहत होता. भिंतीवर सापडलेल्या राणीपासून फ्रिजच्या खालच्या कप्प्यापर्यंत सगळं त्यांनी सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई भिंतीकडे बघत होत्या. बहुधा मोठ्या लॅबचा फोन नंबर आठवत असाव्यात.

न्यायाधीशबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे परक्या घरात बेकायदा प्रवेश," त्या म्हणाल्या, "आणि त्यानंतर घरच्या मालकिणीचा खून."

"हो. म्हणजे इथे खून झालेला नाही. इथे राणी नव्हतीच."

"आणि शिक्षा?"

"शिक्षा नाही. स्वीकारलं तर त्याच तिला भरवतात. नाही स्वीकारलं तर तुकडे करतात."

"हे कधी ठरणार?"

"आत्ताच. जाग्या होतायत बघा. पण या टेबलावर नको, पंपाची थरथर लागतेय. बिथरतील."

न्यायाधीशबाईंनी गळ्यातला कागदी रुमाल मांडीवर सारखा केला. "इथे ठेवा," त्या म्हणाल्या. "मी हलत नाही."

डॉक्टरीणबाई चटकन पुढे झाल्या. हातची संधी सोडणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. "त्याआधी कवळी तेवढी बसवून घेऊ, बाई," म्हणत त्यांनी दातवाल्यांच्या हातातला छोटा डबा उघडून दिव्याखाली धरला.

दिव्याच्या झोतात दात पांढरेशुभ्र चमकले. पिवळसर छटा औषधालाही नव्हती. आईने पोर ओळखावं तशी दातवाल्यांनी कवळी ओळखली. घाईत त्यांनी दुसऱ्या वाडग्यात हात घातला होता. ही तीच कवळी होती, जी बाईंनी 'माझी नव्हेच' म्हणून ताटलीत काढून ठेवली होती. म्हणजे एका डब्यात मुंग्या आणि दुसऱ्या डब्यात नापास झालेली कवळी, असा सगळा कारभार त्यांनी एका सकाळीत करून ठेवला होता. सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण तोवर डॉक्टरीणबाईंच्या सराईत बोटांनी कवळी टाळूला चिकटवलीही होती.

न्यायाधीशबाईंनी जीभ फिरवून पाहिली. भुवया जवळ आल्या. निकाल द्यायला त्यांनी श्वास घेतला. "ही…"

"बाई, बोलू नका," दातवाले म्हणाले. "श्वास लागला की त्या चवताळतात. राणीला फाडून टाकतील."

हे त्यांनी राणीसाठी म्हटलं की पोटासाठी, ते त्यांनाही त्या क्षणी सांगता आलं नसतं. न्यायाधीशबाईंनी तोंड मिटलं. जबडा त्यांच्या मांडीवर होता, त्यावर त्यांनी दोन्ही हातांचा आडोसा धरला होता, आणि त्या खाली बघत होत्या.

पंप बंद केला गेला. बाहेर बसलेल्या पेशंटला डॉक्टरीणबाईंनी दार किलकिलं करून थांबायला सांगितलं. मावशी फरशी पुसायला फडकं घेऊन आत आल्या तेव्हा बाईंनी मान न वळवता नुसता एक हात वर केला आणि मावशी फडक्यासकट दारातच उभ्या राहिल्या.

काळ्या मुंग्या आता सगळ्या उठल्या होत्या. एकीने राणीला मिशांनी चाचपलं आणि ती मागे सरली. दुसरी आली. तिने चाचपलं, थांबली, पुन्हा चाचपलं. मग तिने राणीचा मागचा पाय धरला आणि ओढायला सुरुवात केली.

राणी ओढली जात होती आणि जराही प्रतिकार करत नव्हती, फक्त पाय आणि मिशा अंगाशी घेऊन पडून राहिली होती. तिसरी मुंगी धावत आली. न्यायाधीशबाईंनी खुर्चीच्या कडेवरून हात लांबवून दातवाल्यांचं मनगट पकडलं. पकड भलतीच घट्ट होती. बाईंचे ओठ आवळलेले होते, गाल आत गेले होते, आणि त्यांना काहीतरी म्हणायचं होतं हे त्यांच्या कपाळाच्या शिरेवरून कळत होतं. पण त्या बोलल्या नाहीत.

तिसरी मुंगी राणीच्या डोक्यापाशी थांबली. बराच वेळ थांबली. मग तिने राणीचं डोकं चाटलं.

डॉक्टरीणबाईही आता वाकून बघत होत्या, नाकावर मास्क चढवून. चौथी मुंगी कोष तोंडात धरून आली आणि तिने तो राणीच्या कुशीला ठेवला. मग आणखी एक आली. पाय ओढणारी एकटीच तेवढी आपला हेका सोडायला तयार नव्हती. ती ओढत होती आणि बाकीच्या चाटत होत्या, असं किती वेळ चाललं ते कुणी घड्याळात पाहिलं नाही. बाहेरचा पेशंट कंटाळून निघून गेला. दातवाल्यांच्या मनगटाला मुंग्या आल्या होत्या, पण मनगट सोडवून घ्यायची त्यांची प्राज्ञा नव्हती.

शेवटी त्या हट्टी मुंगीने पाय सोडला, क्षणभर उभी राहिली आणि तीही सावकाश राणीचं पोट चाटू लागली.

न्यायाधीशबाईंनी दातवाल्यांचा हात सोडला, तोंड बाजूला वळवून मोठा श्वास सोडला. "सुटला पाय," त्या म्हणाल्या. "सगळ्याजणी सभोवती बसल्यात. साफसफाई सुरू आहे तिची. सासरी आलेल्या सुनेसारखी सरबराई चाललीय."

शिट्टी वाजली नाही.

एवढे 'स' बोलल्या, आणि एकदाही वाजली नाही. डॉक्टरीणबाईंनी दातवाल्यांकडे पाहिलं. दातवाल्यांनी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. बाईंच्या ते गावीही नव्हतं. त्या परत जबड्यात डोकावत होत्या.

"बाई, मग कवळी कशी…" मावशी दारातून म्हणाल्या, आणि डॉक्टरीणबाईंनी झटकन दाराशी जाऊन त्यांच्या पायावर पाय दिला.

"काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही, बाई. जायला हरकत नाही म्हणाल्या."

न्यायाधीशबाई जबडा दोन्ही हातांत धरून उठल्या, तबकातलं पाणी नेल्यासारख्या जपून. दातवाल्यांनी डबा पुढे केला. बाईंनी डब्याकडे बघितलंही नाही.

"तुम्ही सायकलवरून आलात ना?"

"हो."

"आणि ही सायकलवरून नेणार? आत्ता कुठे तिचं बस्तान बसतंय आणि तुम्ही तिला खड्ड्यांतून नेणार?" बाई दाराकडे निघाल्या. "मी समोरच्याच घरात राहते. ही माझ्याकडे राहील."

"पण बाई, राणी माझी आहे," दातवाले म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. किती दिवस त्यांनी तिला ओल्या कापसावर जगवलं होतं, रोज उठल्यावर आधी तिची नळी पाहिली होती.

न्यायाधीशबाई वळल्या. "जबडा कुणाचा?"

"तुमचा."

"नाव कुणाचं?"

"तुमचंच."

"मग घर माझं आहे. त्यात कोणी येऊन राहिलं म्हणून घराचा मालक बदलत नाही." मग त्या थोड्या थांबल्या आणि त्यांची जीभ तोंडात टाळूकडे जाऊ लागली. "तुमची काही तक्रार आहे का?"

डॉक्टरीणबाई दातवाल्यांकडे बघत होत्या. त्या नजरेत सगळं घरभाडं, सगळ्या येणाऱ्या कवळ्या आणि मोठ्या लॅबचं मशीन होतं. आता वाद घातला तर बाई उभ्या राहून भांडणार, भांडताना त्यांना तोंडात काय आहे ते आठवणार, आणि मग संपलंच. दातवाल्यांनी जबड्यातल्या राणीकडे एकदा डोळे भरून पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "तक्रार नाही."

"मग दर रविवारी येऊन त्यांना खायला घालत जा. मला त्यातलं काही कळत नाही," न्यायाधीशबाई म्हणाल्या आणि गेल्या.

डॉक्टरीणबाई खुर्चीच्या कडेवर टेकल्या. "यात नक्की काय बदललंत तुम्ही? आधीच्यापेक्षा?"

"थोडं बारीकसारीक," दातवाले म्हणाले.

"उद्या नवीन मापं पाठवते. आणि मुंग्या पाठवायच्या नाहीत."

घरी बायको कामाच्या टेबलापाशी उभी होती. तिच्या हातात चमचा होता आणि चमच्यात, शक्य तितकी लांब धरलेली, पिवळसर दातांची कवळी होती. "ही इथे आहे," ती म्हणाली. "मग त्यांच्या तोंडात कुठली आहे?"

दातवाल्यांनी दुसऱ्या कवळीच्या रिकाम्या वाडग्याकडे बोट दाखवलं. बायको खुर्चीत बसली.

"आणि त्यांनी ठेवून घेतली?"

"ठेवून घेतली. राणीसुद्धा ठेवून घेतली."

बायकोने थोडा विचार केला. राणीबद्दल तिला वाईट वाटलं असावं, कारण तिने नवऱ्यापुढे न मागता पाण्याचा पेला ठेवला. "कुणाला बोललात?"

"नाही."

"मग आता बाईंनी तोंड बंद ठेवलं तसं तुम्हीही ठेवा," ती म्हणाली आणि तिसरी कवळी तिने चमच्यानेच वाडग्यात सोडली.

रविवारमागून रविवार गेले. न्यायाधीशबाईंच्या बैठकीत खिडकीपासून दूर, जाड कापडाखाली जबडा ठेवलेला असे. दातवाले चिमट्यात साखरपाण्याचा कापूस आणि मेलेली माशी घेऊन जात, कापड उचलत आणि श्वास रोखून खायला घालत. बाई शेजारी खुर्ची ओढून बसत. त्या क्लिनिकला पुन्हा गेल्या नव्हत्या. राणीने अंडी घातली, काळ्या मुंग्यांनी ती उचलून कोरड्या खोलीत नेली, अळ्यांना भरवलं, आणि एका रविवारी कोषातून पहिली पिवळी मुंगी बाहेर आली. काळ्या मुंग्यांनी तिला हिरडीच्या कडेने फिरवून आणलं, अंग पुसून दिलं. ती त्यांच्यासारखी जराही दिसत नव्हती.

दातवाल्यांना ते बघून भरून आलं. आपली राणी दुसऱ्याच्या घरात का होईना, नांदत होती.

"एक विचारायचं होतं," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "समोर खोटं बोललेलं मला लगेच कळतं, तेव्हा खरं सांगा. ही कवळी कशी अगदी माझ्या हाडामांसाची वाटते. दुसरीत नेमकं काय चुकलं होतं?"

चिमट्यातली माशी थोडी हलली. दातवाल्यांनी ती जबड्यात सोडली, भोकात कापूस नीट बसवला आणि मग मान वर केली.

"मापात फरक पडला होता, बाई," ते म्हणाले. "केसाएवढा."

"मी तेव्हाच म्हटलं होतं," न्यायाधीशबाई म्हणाल्या आणि समाधानाने हसल्या. दुसऱ्या कवळीचा एकेक दात त्यांना शोभून दिसत होता.